स्टँडवरची लाइट, मंदिरातली लाइट अन् बिटकॉइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आपलं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे, अन् गेल्या काही दिवसांपासून पोरं रॅम बदलायला कमी अन् मायनिंगचं विचारायला जास्त यायलेत. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आता कुणी विचारलं की लिंक पाठवायची अन् आपण आपलं सोल्डरिंग करायचं.

मायनिंग म्हणजे नेमकं काय, अन् त्याचा लाइटशी एवढा काय संबंध?

बिटकॉइनच्या मायनिंगमध्ये मशीन एक आकडा शोधत बसतं. अंदाज लावायचा, चुकला, परत लावायचा, परत चुकला, असं सेकंदाला लाखो कोटी वेळा. जगात ज्याचा अंदाज आधी बसतो त्याला तो ब्लॉक, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या वहीतलं पुढचं पान लिहायला मिळतं, अन् त्याचं बक्षीस एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन. त्याच्याआधी ६.२५ होतं, दर चार वर्षांनी अर्धं होतं. साधारण दहा मिनिटाला एक ब्लॉक निघतो, मग मशीन दहा असू द्या का दहा लाख, कारण दर २०१६ ब्लॉकनंतर कोडं आपोआप अवघड नाहीतर सोपं होतं. म्हणजे जगात मशीन वाढल्या म्हणून बिटकॉइन जास्त निघत नाहीत, फक्त लाइट जास्त जळते अन् प्रत्येकाचा वाटा कमी होतो. एकदा मशीन घेतलं की पुढचा खर्च बहुतेक सगळा लाइटचाच, म्हणून तर फुकटच्या लाइटवर सगळ्यांचा डोळा.

बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर चार्जिंग पॉइंट फुकटच असतो. तिथं लॅपटॉप लावून बसलो तर दिवसाचे किती सुटतील?

बिटकॉइनचे शून्य. खरंच शून्य, मी काय तुम्हाला नाउमेद करायला बोलत नाही. खास मायनिंगसाठीच बनवलेलं एक अँटमायनर एस२१ मशीन सेकंदाला २०० टेराहॅश मारतं (हॅश म्हणजे एक अंदाज, टेरा म्हणजे एक लाख कोटी), तुमचा लॅपटॉप प्रोसेसरवर फार तर १०-२० मेगाहॅश, मेगा म्हणजे दहा लाख. एका मशीनची बरोबरी करायला एक कोटी लॅपटॉप लागतील, तेवढी माणसं तरी आहेत का आपल्या परभणी जिल्ह्यात.

मग पोरं म्हणतात मोनेरो, ते बिटकॉइनसारखंच दुसरं कॉइन. हां, मोनेरो प्रोसेसरवर चालतं, २०१९ ला त्यांनी रँडमएक्स म्हणून पद्धत आणली ती मुद्दाम साध्या कॉम्प्युटरला जमेल अशी केलेली. पण त्याचा पण हिशोब करू. दोन मिनिटाला एक ब्लॉक, बक्षीस ०.६ मोनेरो, म्हणजे सगळ्या जगात मिळून दिवसाला ४३२. साधा लॅपटॉप दोनेक किलोहॅश मारतो, सगळं नेटवर्क ५ गिगाहॅशच्या (५०० कोटी हॅश) आसपास धरा, भाव २५ हजार रुपये धरा, तर चोवीस तासाला हातात येतात चार-साडेचार रुपये. चोवीस तास! स्टँडवरच्या त्या लोखंडी बाकड्यावर रात्रभर डास खात बसून एक कटिंग निघत नाही. त्यात लॅपटॉपचा फॅन बोंबलतो, बॅटरी फुगते, अन् ती बदलायला परत आमच्याकडंच यावं लागतं.

मोबाईलवर तर होतं ना? माझ्या मेव्हण्याच्या मोबाईलवर रोज बटण दाबलं की कॉइन जमा व्हायलेत.

ती मायनिंग नाही. रोज एकदा ॲप उघडायचं, बटण दाबायचं अन् आकडा वाढताना बघायचा, त्यात मोबाईल काहीच मोजत नसतो, नाहीतर बॅटरी तासाभरात आडवी झाली असती. पाय (Pi) नेटवर्क नावाच्या असल्याच ॲपवाले २०१९ पासून लोकांना बटण दाबायला लावायलेत, त्यांचं नेटवर्क बाहेरच्या व्यवहाराला उघडलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. ज्याला दाबायचं त्याने दाबावं, पण त्यासाठी स्टँडवरचा पॉइंट अडवून बसायची काही गरज नाही. आपली केवायसीची कागदं कुणालाही देताना मात्र दहादा विचार करा.

बरं मग मोठं मशीनच आणून कुठंतरी लावलं तर?

इथं खरी गोष्ट सुरू होते. अँटमायनर एस१९ प्रो घ्या, ११० टेराहॅश, ३२५० वॅट. चोवीस तासाचे झाले ७८ युनिट. दहा रुपयाने धरलं तरी दिवसाचे ७८० रुपये बिल. आता कमाई. दिवसाला सगळ्या जगात मिळून निघतात ४५० बिटकॉइन, नेटवर्क ८०० एक्झाहॅश धरा (एक्झा म्हणजे दहा लाख टेरा), भाव ८० लाख धरा, तुमच्या मशीनच्या वाट्याला येतात पाचशे रुपयाच्या आतबाहेर. म्हणजे घरच्या मीटरवर लावलं की रोज तीनशेला खड्ड्यात. भाव वाढला तर गणित बदलेल हे बरोबर, पण भाव वाढला की जगभर मशीन पण वाढतात.

आता तो बिलाचा आकडा पुसून टाका, पाचशे रुपये रोज निव्वळ दिसायला लागतात, महिन्याचे पंधरा हजार. इथंच डोकं फिरतं लोकांचं. पण बिल पुसलं जात नाही ना भाऊ, ते फक्त दुसऱ्याच्या नावावर येतं. महिन्याचे २३ हजार चारशे, एकट्या मशीनचे.

आमच्या गावातल्या मंदिराच्या भक्तनिवासात एक खोली रिकामीच असते. झेडपीच्या शाळेत पण उन्हाळ्यात कुणी नसतं. तिथं कुणाला काय कळणार?

पहिलं म्हणजे वायरिंगला कळतं. ३२५० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर १४ अँपिअर, ते पण न थांबता, रात्रंदिवस. गिझर दहा मिनिटं चालतो अन् बंद होतो, एसी कॉम्प्रेसर मधून मधून सुटतो, हे सुटत नाही. अन् शाळेतला, भक्तनिवासातला, स्टँडवरचा तो छोटा सॉकेट असतो ६ अँपिअरचा, मागं एक-दीड एमएमची वायर, ती पण कुण्या ठेकेदाराने सगळ्यात स्वस्तातली ओढलेली. एक पोरगा मागं एक एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला होता, मायनिंगचाच, दोन ग्राफिक कार्डाची रिग होती त्याची. सॉकेटच्या भोकाभोवती पांढरं प्लॅस्टिक आधी पिवळं मग चॉकलेटी झालेलं, पिन काळी पडून आत चिकटून बसलेली, प्लग ओढला तर अर्धा सॉकेटच हातात आला. अन् तो वास, तो तर काउंटरवर ठेवल्या ठेवल्या आला. त्याचा लोड तर सातशे वॅटच्या पुढं नव्हता, लूज कनेक्शनने एवढं केलं. शाळेच्या खोलीत कोपऱ्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, बघा तुम्हीच.

दुसरं म्हणजे कानाला कळतं. या मशीनचा आवाज ७५ डेसिबलचा, बंद खोलीतून पण बाहेर गिरणी चालू असल्यासारखा येतो. २०१८ मध्ये चीनच्या हुनान प्रांतातल्या एका शाळेचा मुख्याध्यापकच शाळेच्या लाइटवर इथेरियम नावाच्या दुसऱ्या कॉइनची मायनिंग करत होता. शिक्षकांनी बिल का वाढलं विचारलं तर म्हणला एसी अन् हीटरमुळे. शेवटी रात्रंदिवस येणाऱ्या आवाजानेच भांडं फुटलं, बिल झालं होतं १४,७०० युआन, नोकरी गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका शाळेत पण तसंच, जमिनीखालच्या पोकळीत मशीन लपवल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये सापडल्या अन् शाळेच्याच माजी कर्मचाऱ्यावर केस झाली.

आपल्याकडं शाळेचं बिल तसंच थकलेलं असतं अन् लाइन कापली की लेकरं बिनपंख्याची बसतात, हे सांगायला काय मी पाहिजे का.

पण ही चोरी कशी? पॉइंट तर त्यांनीच उघडा ठेवलाय.

मी वकील नाही, पण वीज कायदा २००३ चं कलम १३५ वाचलंय. त्यात फक्त आकडा टाकणं किंवा मीटरमध्ये गडबड करणं एवढंच नाही, ज्या कामासाठी वापराची परवानगी आहे ते सोडून दुसऱ्याच कामाला बेइमानीने वापरणं पण चोरीतच धरलंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही, अन् लोड १० किलोवॅटच्या आत असला तर पहिल्यांदा दोषी ठरल्यावर दंड फायद्याच्या तिप्पट तरी बसतो. शिवाय कलम १२६ आहे, त्यात चोरी सिद्ध करायची पण गरज नाही, अनधिकृत वापर म्हणून दुप्पट दराने बिल काढतात. अन् ते निघतं कुणाच्या नावाने? कनेक्शन ज्याचं त्याच्या. म्हणजे संस्थान, ग्रामपंचायत, शाळा. मग गावात काय होतं ते तुम्हाला माहितीय.

एसटीची वाट बघताना फोन लावला तर कुणी धरत नाही, पॉइंट त्यासाठीच आहे. प्रश्न लोडचा अन् हेतूचा आहे. फोनचं चार्जर २० वॅट, मशीन ३२५०, दीडशेच्या वर फोन एका माणसाने एकाच वेळी लावल्यासारखं झालं ते.

शेतीपंपाची लाइट माफ झालीय. विहिरीवरच्या खोलीत मशीन ठेवलं तर? मीटर आमचं, कनेक्शन आमचं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, अन् विचारणारे साधे लोक असतात, चोरी करायची म्हणून नाही विचारत, त्यांना खरंच वाटतं की आपलंच आहे. तर ऐका. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला. माफी पंपाला आहे, खोलीला नाही. तुमचं बिल सरकार महावितरणला भरतं, ते शेतीच्या नावाने. त्या लाइनवर मशीन लावलं की वर सांगितलेलं कलम १२६ सरळ लागू, अन् बेइमानी दिसली तर १३५. त्यात माफी पण जायची अन् खालून दंड पण यायचा.

कायदा बाजूला ठेवला तरी जमत नाही. शेतीची थ्री फेज आठ तास येते, कधी दिवसा कधी रात्री, त्यात पण डीपी उडाला की वायरमनची वाट बघत आठ-आठ दिवस. मशीन तर चोवीस तास चाललं तरच पैसे. व्होल्टेजचं सांगायलाच नको, सगळ्या शिवारात मोटरी चालू झाल्या की १७० वर येतं, अन् या मशीनच्या पॉवर सप्लायला २०० च्या वर लागतं. तुमचं मशीन चालू-बंद, चालू-बंद करत मरणार. अन् एक मशीन म्हणजे जवळपास सव्वाचार एचपीचा लोड, त्याच डीपीवर तुमच्या चुलत्याची मोटर आहे, ती जळाली की पुढं किती वर्षं बोलणं बंद राहील ते तुम्हीच ठरवा.

सरळ आकडा टाकला तर?

विचारूच नका. पुढचा प्रश्न.

पण पकडतात कसं? महावितरणला काय घरोघरी फिरायला वेळ आहे का?

फिरायची गरजच नाही. माणसाच्या वापराला चढउतार असतो, सकाळी मोटर, संध्याकाळी टीव्ही, रात्री पंखा. मायनिंगचा लोड सरळ रेघ असतो, पहाटे तीनला पण तेवढाच अन् दुपारी तीनला पण तेवढाच. डीपीतून किती गेली अन् खालच्या मीटरवर मिळून किती आली, हा फरक काढला की कुठल्या डीपीवर गळती आहे ते कळतं, मग भरारी पथक फक्त तेवढ्याच वस्तीत येतं. अन् आता स्मार्ट मीटर बसायलेत, त्यात तर ऑफिसातूनच दिसतं.

बाहेरच्या देशात तर हे मोठं प्रकरण झालंय. मलेशियात मिरी गावात पोलिसांनी चोरीच्या लाइटवर चालणाऱ्या १,०६९ मशीन जप्त केल्या अन् जुलै २०२१ मध्ये रोडरोलरखाली चिरडल्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. इराणमध्ये लाइट स्वस्त, मशिदींना तर जवळपास फुकट, तर २०१९ मध्ये तिथं मशिदीत मशीन लावल्याच्या बातम्या आल्या. पुढं २०२१ च्या उन्हाळ्यात तिथं लाइट जायला लागली तेव्हा सरकारने चार महिने मायनिंगच बंद करून टाकली, परवानावाल्यांची पण. रशियात सारोवच्या अणुकेंद्रातल्या इंजिनिअरांनी तिथल्याच सुपरकॉम्प्युटरवर मायनिंग करायचा प्रयत्न केला, २०१८ ला अटक झाली. एवढे शिकलेले लोक, अन् अणुबॉम्बच्या कारखान्यात बसून काय सुचलं तर हे.

अभ्यासिकेत दिवसभर लॅपटॉप चालूच असतो. महिन्याची फी भरतो मी. तिथं चालू ठेवलं तर काय बिघडलं?

लातूरच्या एका नीटवाल्या पोराने विचारलं होतं. फी भरली म्हणजे खुर्ची, पंखा, वायफाय अन् शांतता यांची भरली. लॅपटॉप फुल लोडवर दिवसाला एक युनिट खातो, दहा रुपये, त्यातून निघणार चार. अभ्यासिकावाल्याचे दहा घालवून स्वतःचे चार कमवायचे, त्याच्यापेक्षा त्याला सरळ चार रुपये मागा, देईल तो. अन् फॅनच्या आवाजाने बाजूचा पोरगा उठून तक्रार करेल ते वेगळं.

आमच्या सेवा केंद्रातला कॉम्प्युटर एकदम स्लो झालाय, फॅन सारखा फुल. मायनिंगचा व्हायरस असू शकतो का?

असू शकतो, अन् माझ्याकडं येणाऱ्यात हे प्रमाण बरंच आहे. इथं फुकटची लाइट तुमची असते अन् मायनिंग दुसऱ्याची. बहुतेक वेळा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कारण असतं, फुकटचं फोटोशॉप, फुकटचं ऑफिस, त्याच्यासोबत एक्सएमरिग नावाचा मायनर गुपचूप येतो. मूळचा प्रोग्राम चांगला आहे, चोर लोक तो वापरतात. ओळखायची खूण सांगतो. काही चालू नसताना फॅन जोरात, अन् टास्क मॅनेजर उघडला रे उघडला की फॅन शांत. कारण तो प्रोग्राम टास्क मॅनेजरवर लक्ष ठेवून असतो, तुम्ही बघायला आलात की झोपतो. टास्क मॅनेजर उघडा ठेवूनच काम करणारे पण भेटलेत मला, स्पीड येतो म्हणे!

पूर्वी वेबसाइटमधूनच व्हायचं हे, कॉइनहाइव्ह म्हणून होतं, साइट उघडी आहे तोवर तुमचा प्रोसेसर त्यांचा. ते सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं अन् मार्च २०१९ मध्ये बंद पडलं. आता इन्स्टॉल झालेलंच जास्त. डेटा काढून घ्या अन् विंडोज नवं टाका, नुसतं अँटिव्हायरस फिरवून माझं तरी समाधान होत नाही. अन् कॉलेजच्या लॅबमध्ये मुद्दाम असं टाकणाऱ्या हुशारांसाठी, आयटी कायद्याचं कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लॉगिन कुणाचं होतं ते लॅबवाल्या सरांना दोन मिनिटात कळतं.

स्वतःचं सोलर बसवलं तर? ऊन तर आपल्याकडं फुकटच.

हे कायदेशीर आहे, गणित मात्र बघा. एक किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. एस१९ ला ७८ पाहिजेत, म्हणजे जवळपास २० किलोवॅटचं सोलर, नेट मीटरसकट. पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी जास्तीत जास्त ७८ हजार, ३ किलोवॅटला पण तेवढीच अन् पुढं पण तेवढीच. राहिलेले सगळे लाख तुमचे. ज्याच्याकडं एवढे पैसे आहेत त्याने सोलर जरूर बसवावं अन् त्यावर कोल्ड स्टोरेज नाहीतर डाळमिल चालवावी, माझं मत.

छोटे १५ वॅटचे मायनर निघालेत, ते कुठंही लावता येतात म्हणे?

बिटॲक्स वगैरे. १५-२० वॅट, टेराहॅशच्या आसपास, छोटा डिस्प्ले, टेबलावर छान दिसतं. पण ती लॉटरी आहे. एकट्याने ब्लॉक लागायची सरासरी काढली तर पंधराएक हजार वर्षांत एकदा. महिन्याला लाइट लागते ११-१४ युनिट, ती घरचीच वापरा, त्यासाठी कुठं स्टँडवर जायचं. शिकायला घेत असाल तर चांगली वस्तू, मी स्वतः पोरांना दाखवायला सांगतो.

क्लाउड मायनिंग केली तर लाइटचं झंझटच नाही ना?

झंझट लाइटचं नाही, पैसे परत यायचं आहे. गेनबिटकॉइनवाल्यांनी २०१५ पासून हेच सांगितलं होतं, तुम्ही बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करतो, महिन्याला १० टक्के, अठरा महिने. महाराष्ट्रातले किती लोक बुडाले, मुख्य सूत्रधाराला २०१८ मध्ये अटक झाली, २०२२ मध्ये तो वारला, अन् केस अजून सीबीआयकडं. महिन्याला १० टक्के कोण देतं हो? सावकार घेतो तेवढे, देत नाही.

टॅक्स लागतो का?

लागतो. नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, एप्रिल २०२२ पासून. एक टक्का टीडीएस वेगळा. अन् मायनिंगवाल्यांसाठी खास म्हणजे मशीनचा खर्च, लाइटचं बिल यातलं काहीही वजा करता येत नाही. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यात पण धरत नाहीत. म्हणजे वरच्या त्या पाचशे रुपयातले दीडशेच्या वर तिकडं गेले.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मशीन टिकेल का?

एस१९ ची कंपनीची मर्यादा आहे ४० अंश, ती मशीनच्या आजूबाजूच्या हवेची. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४३-४४, पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको, अन् मशीन स्वतः सव्वातीन हजार वॅटच्या हीटरएवढी गरमी फेकणार. तापलं की ते स्वतःच बंद पडतं. कूलर लावावा तर त्याला पाणी पाहिजे, अन् पाण्याचं म्हणाल तर २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं अन् पुढच्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. कूलरच्या दमट हवेने अन् आपल्या धुळीने बोर्डावर गंज चढतो तो वेगळा.

ओएलएक्सवर जुनं एस९ मशीन पाच हजाराला भेटायलंय, घेऊ का?

एस९ म्हणजे साडेतेरा टेराहॅश, तेराशे वॅट. दिवसाला ३१ युनिट खाणार अन् वरच्याच भावाने साठेक रुपये देणार. मायनिंगसाठी नका घेऊ. पण सोबत त्याचा ओरिजिनल पॉवर सप्लाय येत असेल अन् दोन-अडीच हजारात मागत असेल तर मला कळवा, १२ व्होल्टचा दणकट सप्लाय असतो तो, बॅटरी चार्जिंगच्या अन् टेस्टिंगच्या कामाला येतो. बाकीचं अ‍ॅल्युमिनियम भंगारात किलोने जातं.